कडी

पिल्लू घरी यायच्या आधी पिंजरा आला.
ओरेस्त त्याला पिंजरा म्हणू देत नाही. क्रेट म्हण, म्हणतो,
नाहीतर खोली. त्याची स्वतःची खोली.
तारांची, घडी होणारी, तळाला काळा ट्रे,
कडी अशी की बोट सापडलं तर नख काळंनिळं.

फ्रीज आणि खिडकीच्या मधली जागा त्यानं टेपनं मोजली.
एकेचाळीस वर्षं रेल्वे यार्डात डबे जोडलेला माणूस,
बोटभर फरकही त्याला चालत नाही.
बाहेर विनिपेग, उणे एकोणतीस.
नदीचा दगड झालेला.

बुब्लिक नाव ठेवलं, झोपला की त्याचं कडं होतं म्हणून,
खसखस लावलेल्या गोल पावासारखं.

पहिले तीन दिवस दार उघडंच.
आत उकडलेल्या कलेजीचे तुकडे,
आधी उंबऱ्याशी, मग वीतभर आत, मग पार मागच्या कोपऱ्यात.
मागचे पाय बाहेर ठेवून तो इतका लांबायचा
की मधला कुत्रा संपतोय की काय असं वाटे.

चौथ्या रात्री कडी लागली.
ओरेस्तनं फ्रीजवर कागद चिकटवला:
रडताना उघडायचं नाही.
गप्प झाला, दहा मोजले, मग उघडायचं.
नाहीतर रडणं हीच किल्ली आहे हे त्याला कळेल.

मी वाचलं आणि काही बोलले नाही.
हे वाक्य माझ्या ओळखीचं.
चौतीस वर्षांपूर्वी ते याच घरात, वरच्या खोलीच्या दाराबाहेर
कागदाशिवाय लावलेलं होतं.
मार्को आठ महिन्यांचा.
रडू दे, स्तेफा, शिकेल.
मी जिन्याच्या सातव्या पायरीवर बसायचे,
झग्याच्या छातीवर दोन ओले गोल,
आणि खाली ओरेस्त, हातात घड्याळ,
चांगला माणूस, डॉक्टरनं सांगितलेलं पाळणारा.
मार्को शिकला.
इतका छान शिकला की हॅलिफॅक्सहून
महिन्यातल्या एका रविवारी फोन करतो
आणि कशाचीच तक्रार करत नाही.

पावणेतीनला खालचं कुंईकुंई थांबलं.
मी दहा मोजले. वीस मोजले.
शेजारची उशी गार.

स्वयंपाकघरात ओव्हनवरच्या घड्याळाचा हिरवा उजेड तेवढा,
आणि लिनोलियमवर आडवा ओरेस्त,
बहात्तर वर्षांचा, डाव्या खुब्यात स्टीलचा गोळा,
गाल जमिनीला, तर्जनी तारांतून आत.
पिल्लू ते बोट चोखत होतं
आणि हा त्याला हलक्या आवाजात
यार्डातले रूळ सांगत होता:
अकरा रिकामा, बारावर गहू, तेरावर थांबलोय आपण.

दार नाही हं उघडलं मी, म्हणाला
मला पाहून, चोरी पकडल्यासारखा.
नियम मोडला नाही.

मला ओरडायचं होतं.
काय ओरडायचं होतं ते अजून माहीत नाही.
सातवी पायरी तिथून दिसते.

हाताशी घोंगडी एकच.
ती क्रेटवर टाकायची असते, अंधारात पिल्लं लवकर निजतात.
अर्धी टाकली.
उरलेली कुठवर पोचते ते पाहिलं.
त्याच्या गुडघ्यांपर्यंत.
पावलं उघडी राहिली. राहू दिली.

चार वाजता दोघांना बाहेर काढलं.
बर्फात इवलंसं पिवळं भोक पडलं, वाफ येणारं,
आणि ओरेस्त टाळ्या वाजवू लागला,
जाड हातमोज्यांतून, बिनआवाजाच्या.

आता मार्च.
कडी कुणी लावत नाही.
बुब्लिक आपल्या पायांनी आत जातो,
माझी एक लोकरी चप्पल घेऊन.
ओरेस्तची उशी मात्र अजून फ्रीजपाशीच.
खुबा दुखतो, जिना चढवत नाही, म्हणतो.

रविवारी फोन आला तेव्हा मागे भुंकणं चालू होतं.
कोण आहे, मार्कोनं विचारलं.
मी फोन ओरेस्तच्या हातात दिला.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
पलीकडूनही ठेवला नाही.
मी मोजत होते,
आठाच्या आसपास कुठेतरी विसरले.