अंदाजपत्रकाच्या पाठीमागे

उकिडवे बाई, आकडे पुढच्या पानावर आहेत.
हे मागे लिहितोय, कारण कमिटीत तुम्ही विचारलंत,
"लोखंडी नळीत काय वाईट होतं?"
आणि चारचौघांत मला नीट बोलता येत नाही.

लोखंडात वाईट काही नाही. जड आहे, इतकंच.
दहा फुटी चार नळ्या घेऊन पूर्वी मी
तुमची गच्ची एका दमात गाठायचो.
आता डावा खांदा तिसऱ्या मजल्यावरच हिशोब मागतो,
आणि लिफ्ट तर मीच बंद केलेली असते.
अ‍ॅल्युमिनियम एका हातात मावतं,
दुसऱ्या हाताला डबा उरतो.

शिवाय तुमच्यापासून खाडी दोन हाकांवर.
लोखंडाला तिसऱ्या वर्षी तांबडे ओघळ आले,
रंग दिला, रंगाखालून आले.
हे खाऱ्या वाऱ्यात थोडं मळतं,
मग त्या मळाचंच पांघरूण घेऊन बसतं.

पण खोटं कशाला सांगू.
मऊ आहे. जोरात पिळलं की आटे जातात,
शिडी टेकली की पोचा.
पितळेचा नट लावला तर ओलीत दोघांचं पटत नाही,
आणि झिजतं ते हेच.
भंगारवालाही आधी यालाच ओळखतो.

आणि ओल्या सिमेंटात, कधीच नाही.
हे लोहार चाळीतल्या दुकानदाराने नाही सांगितलं मला.
शिवडीच्या एका पंपघरात, मी जेवायला गेलो असताना
सुलेमान गवंड्याने नळी भिंतीत बुजवली.
गिलावा इतका गुळगुळीत की मी "वा" म्हणालो.
बारीक बुडबुडे येत होते.
आम्हांला वाटलं, हवा.

पाच वर्षांनी भिंत तडकली. मी छिन्नी लावली.
आत पांढरी भुकटी,
आणि नळीच्या मापाचं एक गोल बीळ.
तारा त्यात तशाच पडलेल्या,
चालू.
पंप पाणी चढवत होता.
सुलेमान तोवर राहिला नव्हता,
म्हणून सगळी चूक माझ्या एकट्याच्या वाट्याला आली.

तर गच्चीवर, भिंतीच्या बाहेरून, अ‍ॅल्युमिनियम.
भिंतीच्या पोटात प्लास्टिक.
पैसे वाढतात, आकडा तिसऱ्या ओळीत.
कमी करायचेच असतील तर मजुरीतून करा,
अर्थिंगच्या तारेला हात लावू नका.
आणि गिलाव्याच्या दिवशी मला
कोणी जेवायला बोलावू नका.

– गोठोसकर, वायरमन