चारशेला एक

माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता.
शेल्डेच्या सबस्टेशनात पहिल्याच दिवशी
काइतानने तेवढंच पाहिलं.
"फाल्यां बोल्स शिवून घेवन यो," म्हणाला.
पॅनेलपुढे डावा हात खिशात हवा.
दोन्ही बाहेर असले
तर विजेला छातीतून वाट मिळते,
एकच असला तर ती जरा विचार करते.

वीज विचार करत नाही, हे मला ठाऊक होतं.
पदवी होती माझ्याकडे.
तरी खिसा शिवून घेतला.

बाहेर यार्डात मात्र खिसा कामाचा नाही.
तिथे अंतर, फक्त अंतर.

मला वाटायचं, मोजणं म्हणजे मध्ये उभं राहणं:
तार तोडायची, मीटर जोडायचा, काटा वाचायचा.
पण एक लाख दहा हजार व्होल्टच्या वाटेत
कोण उभं राहणार?
त्याने बोटाने नाही, हनुवटीने दाखवलं:
चिनी मातीच्या चकत्यांचा तो उंच खांब,
आत तेल, तेलात कडं.
तार कड्यामधून निघून जाते,
कड्याला शिवतसुद्धा नाही.
तिच्याभोवती जे दिसत नाही ते फिरत असतं,
कडं तेवढंच ऐकतं
आणि चारशेतला एक खाली पाठवतं,
टेबलाच्या उंचीवर,
जिथे माझा चहा निवत असतो.

शून्य पूर्णांक बासष्ट. गुणिले चारशे.
दोनशे अठ्ठेचाळीस. वहीत लिही.

लिहिता लिहिता न पाहिलेली घरं ओळखीची झाली.
सव्वापाचला पहिले गीझर.
फेस्ताच्या रात्री कुडचड्याचा आकडा
उतरायचं नावच घेत नाही.
कुंकळ्ळीच्या भट्टीने दम घेतला की काटा उडतो.
एवढ्या लोकांच्या इतक्या जवळ
मी कधीच नव्हते, आणि कुणालाही न शिवता.

एक गोष्ट त्याने तीनदा सांगितली.
तो काहीच दोनदासुद्धा सांगत नसे.
कड्याची खालची वाट उघडी सोडायची नाही.
मीटर काढायचा तर आधी दोन्ही टोकं पट्टीने जोड,
मगच काढ.
खाली वाट तुटली म्हणून वरची तार थांबत नाही.
तो चारशेतला गरीब एक
मग हजारो व्होल्ट होऊन
केसाएवढ्या फटीत उभा राहतो.

नोव्हेंबरात एका रात्री
चौथं पॅनेल गुणगुणायला लागलं.
मीटर शून्यावर, आणि बाहेर सगळा गाव उजळलेला.
जळक्या वार्निशचा वास.
मला सैल स्क्रू दिसत होता.
पेचकस हातात होता. हात निघालाही होता.

"राव गो."

एवढंच. ओरडला नाही.
फोन उचलून त्याने भार दुसऱ्या लाइनवर घ्यायला लावला.
ब्रेकर पडला.
आयसोलेटर उघडला, तो उघडलाय हे
टॉर्च मारून डोळ्यांनी पाहिलं.
काठीने तपासलं, काठीनेच अर्थिंग लावलं,
परमिटवर सही, वेळ, पुन्हा सही.
एक्केचाळीस मिनिटं.
स्क्रूला लागला अर्धा फेरा.
दमट हवेने पितळ हिरवं पडलं होतं, इतकंच.

"अर्ध्या फेऱ्यासाठी एवढं?" मी हसत विचारलं.
तो चहा ओतत होता.
"जिवोत्तमाक विचार," म्हणाला.

जिवोत्तम नावाचं आमच्याकडे कुणी नव्हतं.
दुसऱ्या दिवशी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या,
वाळवीने कडा खाल्लेल्या.
एकीत महिनोन्महिने तेच तिरकं अक्षर,
सातचा आकडा मधोमध छेदलेला.
मग एक पान.
रात्री तीन: दोनशे अकरा. तिरकं अक्षर.
पहाटे चार: दोनशे नऊ. काइतानचं.

लाइन पडलीच नव्हती.
गाव झोपलेलं होतं, पंखे फिरत होते.
भार फक्त दोन अँपिअरने उतरला होता.