शेरा : ग्लास क्रमांक चार

बॅलार्ड इस्टेट, दगडी इमारतीचा दुसरा मजला.
एसी अठरावर. पांढऱ्या टेबलक्लॉथवर सहा ग्लास,
थुंकायला स्टीलचं भांडं,
आणि छापील तक्ता : रंग, वास, चव, शेवट, शेरा.

बाटल्यांना खाकी पिशव्या चढवल्यात, गळ्याशी सुतळी,
कुणाचं नाव, कुणाचं गाव कळू नये म्हणून.
सांगितलंय एवढंच : निम्म्याहून जास्त मर्लो,
बाकी ज्याचं त्याचं गुपित.

डावीकडे इव्हेट डिमेलो, वसईची,
जिच्या घरी लग्नासाठी जांभळाची वाइन अजून बरणीत मुरते.
उजवीकडे केकी गझदर; त्याला सगळ्यातच मखमल लागते.
मधे मी. चहावाला.
टपरीचा नव्हे. एकतीस वर्षं याच रस्त्यावर
पगार घेऊन चहा ओढला, जिभेवर आपटला, थुंकला.
दिवसाला दोनशे वाट्या, वाटीमागे आठ सेकंद.
आठ सेकंदांत एका मळ्याचं वर्ष ठरायचं.

चार नंबर.
रंग : कोकमाच्या सालीचा, कडेला जरा विटका.
वास : केकी म्हणाला, प्लम, सीडार, सिगारची पेटी.
प्लम मी दोनदा खाल्लंय, क्रॉफर्ड मार्केटातलं,
दोन्हीदा आंबट निघालं.
मला येत होता पेन्सिल तासल्यावर येतो तो,
आणि त्याच्याखाली
अर्धं कच्चं करवंद, चिकासकट.
चव : तुरट. हिरड्या आवळून धरणारी.
शेवट : पाहुण्यानं चप्पल न काढताच परतावं, तसा.

इव्हेट पुटपुटली, "यात थोडी सिरा असणार."
मी लिहून घेतलं. घाईत शिरा झाला. खोडला.
गुण : एकोणसत्तर.
शेरा : बंद आहे. वर उद्धट.
शाईनं. खाली सही.
निळ्या शर्टातला मुलगा तक्ता घेऊन गेला.

मग पाच, मग सहा (मखमल),
मग काकडीची सँडविचेस आणि केकीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, सविस्तर.
चाळीसेक मिनिटांनी, नुसता हाताला चाळा म्हणून
चारमधले उरलेले दोन घोट उचलले.

करवंद पिकलं होतं.
तुरटपणा होताच, पण आता दार अडवून उभा नव्हता,
बाजूला सरून, या म्हणत होता.
आणि आत, बरंच आत,
जुन्या लेजरचा कातडी पुठ्ठा.

तसलेच लेजर होते आमचे. त्यात माझ्याच अक्षरात :
सुमार. पातळ. परत पाठवा.
दोनशे गुणिले दिवस गुणिले एकतीस,
गुणाकार मांडला आणि अर्ध्यावर सोडला.
कोटगिरीच्या एका छोट्या मळ्यातून एकदा पत्र आलं होतं :
साहेब, जरा निवू देऊन
पुन्हा एकदा चाखून बघाल का?
मी ते फाइलला लावलं. नीट, भोक पाडून.

"तक्ता परत मिळेल का?"
"सर, बेरीज झाली."
"एकच आकडा आहे."
"सर, नियम सात."
केकी हसला, "अरे, गिऱ्हाईक कुठे थांबतं?
पहिल्या घोटाला ठरवतं, बिल मागवतं."
तो चूक नव्हता.
मीही तेव्हा चूक नव्हतो,
गोची तिथेच आहे.

सुतळ्या सुटल्या, पिशव्या उतरल्या.
चार नंबरचं नाव पुकारलं तेव्हा
मी चष्मा पुसत होतो, गरजेपेक्षा जास्त वेळ.
टाळ्या दुसऱ्याच कुणाला तरी पडल्या.

वेटर ट्रे घेऊन आला. म्हटलं, हा राहू दे.
"रिकामा आहे, सर."
माहीत आहे.
तळाशी वाळत आलेली लालसर कडी.
नाक आत घातलं.
फळ गेलं होतं, पुठ्ठा गेला होता,
पेन्सिल तेवढी होती अजून,
नुकती तासलेली.