रविवारच्या आधीची वाट

रविवारी बावीस जण येणार आहेत.
त्यातले चौघे साठीच्या पुढचे, एक मुलगी सहा वर्षांची.
म्हणून मी गुरुवारीच आले, एकटी,
सोयगावच्या पहिल्या गाडीनं,
हळदा घाटातल्या वळणावर उतरले.
कंडक्टर म्हणाला, इथं? इथं तर काहीच नाही.

सुभान तडवी आधीच येऊन बसलेला,
विळा मांडीवर, मफलर कानावर.
वाट कशी आहे, विचारलं.
वाट हाय की, बाई. गवताखाली निजलीय.
दसऱ्यापासून कुणी उठवलीच नाही तिला.

वहीत लिहिलं:
पायथा ते ओढा, वीस मिनिटं. पाणी घोट्याइतकं.
पलीकडे श्रावणातल्या चिखलात रुतलेले म्हशींचे खूर
आता विटेसारखे कडक झालेत,
पाय मुरगळू शकतो.
माझा मुरगळला, ते नाही लिहिलं.

कोळ्यांची जाळी तोंडावर येत राहिली,
पापणीला, ओठाला, चष्म्याच्या दांडीला.
आज माझ्याआधी इथून कुणी गेलं नाही,
हे डोळ्यांच्या आधी गालाला कळलं.
मग सुभान पुढे झाला, काठी उभी धरून,
नसलेल्या दारांचे अडसर काढत.

कुर्डू दुतर्फा, गुलाबी पांढऱ्या दिवट्या.
तरवड पिवळाजर्द.
गवत छातीला लागतं,
वरून वाळलेलं, बुडाशी अजून ओलं,
आणि कुसळं तर अशी चिकटतात
जशी काही जन्माची ओळख.

आठ वाजता एक दगड दवानं बुळबुळीत होता.
अकराला तोच दगड कोरडा ठणठणीत,
पण त्यावर आडवं पडलेलं गवत
चटईसारखं पायाखालून सरकलं.
आता नोंद कशाची करू, दगडाची की वेळेची?
एकाच दगडाला दोन ओळी दिल्या.

पहिल्या दरवाज्यावर आग्या मोहोळ, परातीएवढं.
सुभाननं बोट ओठांवर ठेवलं,
पेटवायला काढलेली बिडी तशीच कानामागे खोचली.
लिहिलं: अत्तर नको, सेंट नको, शिट्टी नको.
सहा वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार, तेही लिहायला हवं होतं.

बुरुजाखालच्या उतारावर सीताफळी,
डोळे उघडलेल्या, फांद्या वाकलेल्या.
मी पेन काढलं तसा तो म्हणाला, हे नका लिहू.
हबीबची म्हातारी इथूनच टोपली भरती.
बावीस माणसं, म्हंजी चव्वेचाळीस हात.
वही मिटली.
खाली पडलेलं एक होतं, निम्मं निम्मं खाल्लं.
बिया त्यानं खिशात टाकल्या, मी थुंकत राहिले.

आणि मग ती आडवी वाट.
परतीच्या पावसानं तिची कड नेलेली,
उरलाय तो मुरूम,
ज्वारीच्या सांडलेल्या दाण्यांवरून चालावं तसा.
सुभान टायरच्या चपला घालून पलीकडे गेला,
वळला, हात पुढे केला.
माझ्या पायात चार हजारांचे बूट.
खाली कपाशी फुटलेली, तळ्यात उन्हाचं एक भगदाड,
मक्याचा ट्रॅक्टर मुंगीसारखा.
हात तसाच पुढे होता.
मी म्हटलं, पुरे.
तो परत आला, काही बोलला नाही,
कानामागची बिडी आता पेटवली.

रात्री ट्यूबलाइटखाली मोज्यातून कुसळं उपसतेय,
तर मंदाकिनीताईंचा फोन.
काय गं, कशी आहे वाट?
मी वाचून दाखवलं. ओढा, खूर, दोन ओळींचा दगड, मोहोळ.
आणि पुढं?
पुढं सुभान आहे.
बरं, आणि वरून दिसतं काय?
कुसळ निघेना, नखात मोडलं.
त्यालाच विचारावं लागेल, म्हटलं.
मी वर गेले नाही.