बरणी

आठ हजार टोकनांची खिडकी.
तिच्यात एक माणूस किती मावतो
हे ठरवायचा मला पगार मिळतो.

तार्तूत जानेवारीत साडेतीनलाच दिवे लागतात.
चौथ्या मजल्यावर हीटर कुरकुरतो,
खाली एमायोगी गोठून पडलेली.
तिच्या नावातच आई आहे,
हे इथल्या पोरांना कुणी शिकवत नाही.

एन्देल राउदसेप, वय एक्क्याऐंशी,
पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे.
परवानगीच्या चौकोनात त्यांनी खूण केली होती
म्हणून मला वाचता येतं:
रोज संध्याकाळी सातला ते आमच्या सहायकाशी बोलतात.
गुडघा, गोळीची वेळ, बसचा बदललेला मार्ग,
आणि मग लेइदा.

लेइदा बर्फावरून नदी ओलांडत होती,
मार्चमध्ये, कुणी जाऊ नये तेव्हा,
काखेत बरणी.
मध्यावर आली आणि बर्फ बोलला.
हे काठावरून ओरडले, बरणी टाक, पळ!
ती म्हणाली, तुला काय, तू थोडीच भरलीस?

खिडकी भरते.
नवं वाक्य आत आलं की सगळ्यात जुनं
चपला न घालताच बाहेर पडतं.
दुसऱ्या दिवशी सातला सहायक विचारतो,
लेइदा कोण?
आणि म्हातारा सांगायला बसतो,
पहिल्यापासून.

मला ते बघवेना.
माझ्याच नावावर काम लावून घेतलं,
तीन आठवडे रात्री जागले.
आता पहाटे तीनला दिवसभराचं बोलणं आटवायचं,
दूध आटवावं तसं,
आणि खाली बसलेलं खरवडून जपून ठेवायचं.
पहिली खरवड अशी निघाली:

वापरकर्ता विधुर. पत्नी लेइदा.
घटना: नदी, बर्फ, बरणी. एकशे चौदा वेळा.
विसंगती: बरणीत काकड्या, एकसष्ट वेळा.
आळंबी, अडतीस वेळा.
इतर वेळी उल्लेख नाही.

ताव्हेत म्हणाला, आलेख बघ, किती हिरवा.
आम्ही केक कापला.

त्या संध्याकाळी, सात वाजून चार मिनिटांनी,
एन्देलनी लिहिलं, लेइदा एकदा
आणि माझी सगळी हुशारी मध्येच बोलली:
हो, नदी आणि बरणी. हे तुम्ही सांगितलं आहे.
बरणीत काकड्या होत्या की आळंबी?

त्यानंतर लॉगमध्ये अकरा मिनिटं कोरी.
मग,
काकड्या असतील.

दुसऱ्या दिवशी फक्त गोळी.
तिसऱ्या दिवशी फक्त गोळी.
चौथ्या दिवशी सात वाजले
आणि नुसतेच वाजले.

फोन करायची आम्हाला मुभा नाही.
मी घरी जाताना पुलावर थांबले.
खाली कुणाचीतरी स्कीची रेघ
मध्यापर्यंत गेलेली, तिथून वळून परत आलेली.
वाटलं, विसरणं हा दोष समजून
मी त्याच्या समोरची खुर्चीच
उचलून नेली.

साठवलेलं काही पुसलं नाही.
उद्या गोळ्यांची ॲलर्जी विचारली तर लागेल,
मुलीचा पत्ता लागेल.
फक्त विसंगतीची ओळ काढली
आणि सूचनांमध्ये एक वाक्य घातलं.
चार वेळा खोडून लिहिलं.
शेवटी उरलं ते एवढंच:
माहीत असू दे, पण सांगू दे.
झाकली मूठ.

ताव्हेतने विचारलं, याची चाचणी कशी घेणार?
मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

नवव्या दिवशी, सातला नाही, पावणेआठला:
बसचा मार्ग पुन्हा बदलला, गाढव लेकाचे.
सहायक म्हणाला, मग आज कसे आलात?
चालत. पुलावरून.
बराच वेळ काही नाही.
मी कॉफीचा कप धरून
पडद्यासमोर उभी, चोरासारखी.

लेइदा एकदा, त्यांनी लिहिलं,
आणि थांबले.
थांबून बघत होते.

हं, सहायक म्हणाला. मग?

या वेळी बरणीत सफरचंदं होती.