नवलख्याच्या गॅरेजात

अठराची अकरा झाली होती लिटरमागे.
तीन गॅरेजांनी प्लग बदलले, फिल्टर बदलला,
हात धुतले.
पिवळा दिवा तसाच.

वाघमोडे बॉनेट उघडून आधी नुसते बघत राहिले.
"हा हेडर कोणी घातला?"
मुलाने. पहिल्या पगारातून,
चार नळ्या एकीत मिळणारा, आवाजासाठी.
तो पुण्याला गेला, आवाज इथेच राहिला;
मी भाजी घेऊन येते तरी कॉलनीतली कुत्री उठतात.

सायलेन्सरच्या तोंडात त्यांनी ब्लोअर खोचला,
जोडाजोडावर साबणाचं पाणी.
कुठेच बुडबुडा नाही.
"म्हणजे बाहेरची हवा शिरून नाही राहिली."

मग सेन्सरच्या वायरीत, मागच्या बाजूने, मीटरची सुई.
इंजिन तापेपर्यंत आम्ही गप्प.
"पॉइंट एक ते पॉइंट नऊ, खालीवर व्हायला पाहिजे,
झोपलेल्या लेकराच्या पोटासारखं."
आकडा शून्याला चिकटून बसलेला.
आत क्लीनर फवारला, इंजिन गुदमरलं,
आकडा ढिम्म.

"हा म्हणतो, हवाच हवा आहे, पेट्रोल कमी.
कॉम्प्युटर बिचारा ऐकतो. ओतत जातो."
आणि पाना शोधता शोधता, खालीच बघत:
"धुराला पेट्रोलचा वास येऊन राहिला का, ताई?
मला नाही कळत. त्या एप्रिलपासून.
घरी मीपण मीठ ओतत जातो."

बावीसचा पाना, गंजावर तेल, एक शिवी.
सेन्सर निघाला. टोक काजळलेलं,
पण गुन्हा तिथे नव्हता.
वायर हेडरच्या दुसऱ्या नळीला टेकून टेकून
कवच वितळलेलं, तांबं उघडं.
जे सांगायचं ते सगळं
लोखंडात मुरत होतं.

मुलाला फोटो पाठवला.
त्याने अंगठा पाठवला.

नवा बसला. वायर लांबून, पत्र्याच्या आडून बांधली.
आकडा चढला, उतरला, चढला.
वाघमोडे हसले नाहीत. "आता?"

मी मागे जाऊन वाकले, हुंगलं.
पेट्रोल नाही.
दुसरंच काहीतरी, स्टुलाकडून.
दोन वाजून गेले होते,
त्यांच्या डब्याचं झाकण अर्धवट उघडं.

"भाऊ," म्हटलं, "वरण आंबलंय.
नका खाऊ."