काट्यावरचा माणूस

कळमन्याच्या मिरची बाजारात
चाळीस किलोचं पोतं पाठीवर घेऊन
मी एकवीस वर्षं चाललो.
दिवसाला दीडशे पोती. कधी जास्तच.
हिशोब अडत्याच्या वहीत असे.

तेव्हाची भूक शहाणी होती.
मे महिन्यात तर दुपारी फिरकायचीच नाही.
डोक्यावर शेहेचाळीस अंश, नाकात तिखटाचा खकाणा,
डबा उघडावासा वाटायचा नाही,
नुसतं माठातलं पाणी आणि खिशात कांदा.
मग संध्याकाळी
घाम वाळून बनियनवर मिठाची रेघ उमटली
की माझ्याआधी तीच घरी पोचलेली असायची.
सुगंधा भाकरी थापत राही,
सहा, सात,
आठवीनंतर मोजणं सोडून देई.
वजन बावन्न.
दरसाल, दिवाळीतसुद्धा, बावन्न,
जणू आत कुणी दांडी धरून बसलंय
आणि चिमूटभर फरक पडू देत नाही.

मग गुडघा गेला.
मालक भला. म्हणाला, "दौलत, तू आता काट्यावर बस."
खुर्ची आली. पंखा आला. लाल आकड्यांचा डबा समोर.
पोतं येतं, आकडा वाचायचा, पावती फाडायची.

अकरा वाजता गेटवरून तर्रीचा वास येतो
आणि पोट म्हणतं, चला.
अरे, कशाच्या जोरावर?
सकाळपासून उचललंस काय तू? एक पेन!
त्याला लाज नाही.
चारला पुन्हा हाक. रात्री भाकरी तितक्याच,
वरून ताटाकडे बघत बसायची नवी सवय.
सुगंधा म्हणते,
"हमाली सुटली, पन पोटाले कोनी सांगतलंच नाई."

मला वाटलं होतं, काम उतरलं की भूकही उतरेल,
दोन पारड्यांसारखं.
पण ती फक्त घामाचं ऐकत होती.
घाम गेला,
तशी मोकाट सुटली,
गल्लीतल्या गाईसारखी, दिसेल त्या दारात.

काल बाजार उठल्यावर
चप्पल काढून मी काट्यावर उभा राहिलो.
एकाहत्तर.
मिरच्या झाडत असलेला शेषरावचा पोट्टा हसला,
"काका, अर्धं पोतं तं तुमीच घेऊन चालले!"

खरंच की.
एकोणीस किलो,
रात्री झोपतानाही न उतरवता येणारे,
दुखऱ्या गुडघ्यावर,
आणि हमाली एक पैसा नाही.

सवयीनं पावती फाडली.
वजन लिहिलं, तारीख लिहिली.
मालाच्या नावापुढे
पेन बराच वेळ थांबला.
तेवढ्यात पोटात गुरगुरलं.